पुढची बीअर कोणती?

घरची पहिली बीअर बहुतेकांची एकाच वाटेने होते. डबाबंद माल्टचा घट्ट पाक, सोबत आलेली यीस्टची पुडी, झाकणाची प्लॅस्टिकची बादली आणि दोन आठवड्यांचा धीर. मग बाटल्या भरायच्या, पुन्हा दोन आठवडे थांबायचं, आणि एका संध्याकाळी पहिलं बूच उघडायचं. फेस धरला, रंग बरा आला, मित्रांनी दुसरा ग्लास मागून घेतला की माणूस या छंदात पडलाच म्हणून समजा. हे पुस्तक त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतं. बादली धुऊन पालथी घातलेली आहे, हात शिवशिवताहेत, आणि पुढची कोणती करायची ते सुचत नाही.

हा प्रश्न कुणाला विचारला की उलट प्रश्न येतो, ‘तुला प्यायला काय आवडतं?’ आवडीचा मान राखलाच पाहिजे. जी प्यायची नाही ती १९ लिटर कुणी करू नये. पण आवडीवर भिस्त ठेवून केलेली दुसरी बीअर फसताना मी फार पाहिली आहे. पबमध्ये आवडलेली बीअर ज्या यंत्रांनी, ज्या थंडाव्यात आणि ज्या पाण्यात तयार झाली ते सगळं आपल्या स्वयंपाकघरात नसतं. म्हणून आवडीच्या आधी आपल्या घराकडे पाहावं, त्याला कोणती बीअर जमेल ते ओळखावं आणि त्यातून आवडीची निवडावी. या पुस्तकाचा सगळा रोख एवढाच आहे, आणि तो असा का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. पुस्तक मराठीत असलं तरी ते परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी लिहिलं आहे. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. ‘घरापुरती केली’ ही सबब तिथे चालत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे पुस्तक चव समजून घेण्यासाठी वाचावं. २००९ साली पुण्यात ‘डुलाली’ सुरू झाल्यापासून तिथे ताजी, जागेवर केलेली बीअर मिळते, आणि पुढे ज्या प्रकारांविषयी लिहिलं आहे त्यांतले बरेचसे शहरात बसून चाखता येतात.

ज्या देशांत आज घरी बीअर करायची मोकळीक आहे तिथेही ती फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये १८८०पासून घरी बीअर करायला परवाना लागायचा. तो १९६३च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली, घरी वाइन करायला मुभा मिळाली, पण बीअर राहून गेली. ती मुभा देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून तो लागू झाला. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. तरीही प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा असल्याने अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांत २०१३ साल उजाडावं लागलं. कार्टर यांची सही झाली त्याच वर्षी कोलोराडोतल्या बोल्डर गावात चार्ली पापाझियन यांनी घरगुती ब्रुअरांची संघटना काढली, आणि १९८४ साली आलेल्या त्यांच्या पुस्तकाने हजारो लोकांना पहिली बादली भरायला लावली. आज दुकानात माल्टचे दहा-बारा प्रकार, हॉप्सची पाकिटं आणि यीस्टच्या पुड्या हारीने मांडलेल्या दिसतात, ते याच पन्नासेक वर्षांतलं.

निवड अवघड झाली ती या सुबत्तेमुळे, आणि एका यादीमुळे. ब्रिटिश लेखक मायकेल जॅक्सन यांनी १९७७ साली जगभरच्या बिअर्सवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांची घराण्यांप्रमाणे विभागणी केली. १९८५ साली अमेरिकेत बीअरच्या परीक्षकांची संस्था स्थापन झाली, आणि तिने या विभागणीला नियमावलीचं रूप दिलं. २०२१च्या आवृत्तीत ३४ गट आहेत आणि त्यांखाली शंभरावर प्रकार. प्रत्येकाचा रंग, कडूपणा, मद्यांश, फेस, वास, सगळं आकड्यांत. काम मोलाचं आहे, मी ती नियमावली कायम हाताशी ठेवतो. पण ती परीक्षकांच्या सोयीची आहे. तिच्यात पिल्सनर आणि पोर्टर शेजारी शेजारी बसतात. पहिलीला दोन महिने थंड तळघर लागतं आणि दुसरी जिन्याखालच्या कपाटात महिन्याभरात तयार होते, हे नवशिक्याला तिथे चटकन दिसत नाही.

ते दिसायला हवं असेल तर हे प्रकार जिथे जन्मले त्या गावांत जावं लागतं. तिथे गेलं की लक्षात येतं की प्रत्येक प्रकार म्हणजे कुणीतरी आपल्या पाण्यातून, हवेतून, कधी सरकारी करातून काढलेली वाट आहे.

लंडनचं पाणी चुनखडीच्या थरांतून येतं आणि त्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. अशा पाण्यात नुसतं फिकट माल्ट भिजवलं तर मिश्रणाला हवी तेवढी आम्लता येत नाही. बीअर बोजड होते आणि हॉप्सचा कडूपणा घशाला खरखरतो. गडद भाजलेलं माल्ट मुळात आम्लधर्मी असतं, ते हा चुना पेलून धरतं. अठराव्या शतकात लंडनच्या हमालांवरून नाव पडलेली पोर्टर त्या शहरात अशी रुजली त्यात या पाण्याचा वाटा मोठा आहे. पीएच हा शब्द तेव्हा कुणाला माहीत नव्हता. कोणती बीअर आपल्या विहिरीच्या पाण्याला मानवते एवढं मात्र ब्रुअरांना जिभेने कळत होतं.

पोर्टरची पुढची गोष्ट मला फार आवडते, कारण तिच्यात तुमच्या किटमधलं एक उपकरण आहे. काचेची ती तरंगती नळी, हायड्रोमीटर. साखर विरघळलेल्या पाण्यात ती वर तरंगते, यीस्टने साखर खाल्ली की खाली जाते. १७८४ साली जॉन रिचर्डसन यांनी ब्रुअरांसाठी या मोजमापावर पुस्तक लिहिलं आणि मोठ्या ब्रुअरींनी ती नळी आपल्या माल्टच्या गोड पाण्यात, म्हणजे वर्टमध्ये, बुडवून पाहिली. तेव्हा उघड झालं की पोर्टरसाठी वापरत असलेलं स्वस्त तपकिरी माल्ट साखर फारच कमी देतं. महाग वाटणारं फिकट माल्ट हिशेबाने स्वस्त पडतं. सगळे फिकट माल्टकडे वळले, आणि पोर्टरचा गडद रंग गेला. मग जळकी साखर घाल, आणखी काही घाल असं सुरू झालं, तेव्हा १८१६ साली पार्लमेंटने माल्ट आणि हॉप्सखेरीज काहीही घालायला बंदी केली. दुसऱ्याच वर्षी डॅनिअल व्हीलर यांनी माल्ट फिरत्या लोखंडी पिंपात कोळशासारखं काळं भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. आता काळं माल्ट हेही कायद्याने माल्टच. चिमूटभर टाकलं की पिंपभर बीअर काळी. आजची पोर्टर आणि स्टाउट या यंत्रातून आलेली आहे. दुकानात ‘ब्लॅक पेटंट’ म्हणून जे माल्ट मिळतं त्यातलं पेटंट ते हेच.

पिल्सेनचं पाणी याच्या बरोबर उलट, जवळजवळ क्षार नसलेलं. १८३८ साली तिथल्या नागरिकांनी बिघडलेल्या बीअरची ३६ पिंपं नगरसभागृहासमोर ओतून दिली आणि गावाची नवी ब्रुअरी बांधायला घेतली. बव्हेरियाहून योझेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्या मऊ पाण्यात मोरावियाच्या जवाचं फिकट माल्ट, झाटेत्सचे सुवासिक हॉप्स आणि थंडीत काम करणारं बव्हेरियन यीस्ट एकत्र आणलं. सोनेरी, लख्ख दिसणारी जी बीअर निघाली तिची नक्कल आज जगातल्या बहुतेक बाटल्यांत भरलेली असते. ब्रुअरीखाली दगडात खोदलेली थंडगार भुयारं नसती तर ती बीअर झाली नसती.

थंडीत काम करणारं ते यीस्ट तरी बव्हेरियात टिकलं कशामुळे, तर उन्हाळ्यातली बीअर नासते म्हणून. १५५३ साली तिथल्या ड्यूकने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बीअर करायलाच मनाई केली. पिढ्यान्‌पिढ्या फक्त थंडीत बीअर होत राहिली, आणि थंडी सोसणारं यीस्ट तेवढं टिकलं. पश्चिम नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी दुसरं टोक गाठलं. ते कोमट, जवळजवळ अंगाच्या उष्णतेएवढ्या वर्टमध्ये यीस्ट घालायचे, आणि काम झालं की ते यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पुढच्या सणापर्यंत टांगून ठेवायचे. क्वाइक म्हणतात त्याला. लार्स मारिउस गार्शोल यांनी गावोगाव फिरून ही माहिती गोळा केली नसती तर आपल्याला आज ते पाकिटात मिळालं नसतं. ३० ते ३८ अंशांत ते स्वच्छ काम करतं. त्या तापमानाला बाकीची बहुतेक यीस्ट बीअरची वाट लावतात.

आता आपल्या घरी येऊ. त्यालाही स्वतःचं पाणी आहे, स्वतःची हवा आहे.

हवेपासून सुरुवात करतो, कारण नवशिक्याची बीअर बिघडते ती बहुतेक वेळा तिथे. पुडीवर लिहिलेलं असतं १८ ते २२ अंश. घरातला थर्मोस्टॅट २० दाखवत असतो. माणूस निर्धास्तपणे बादली कपाटात ठेवतो. यीस्ट साखर खाऊ लागलं की स्वतः उष्णता सोडतं, आणि १९ लिटर द्रवाला ती झटकन बाहेर टाकता येत नाही. दुसऱ्या दिवशी बादलीच्या पोटाला हात लावून पाहा, ती खोलीपेक्षा उबदार लागते. बाहेरून चिकटवलेली तापमानाची पट्टी २४ वर गेलेली असते, झाकणावरच्या नळीतून बुडबुड्यांचा अखंड आवाज येत असतो आणि आत तपकिरी फेसाचा जाड थर वर चढलेला असतो. बघायला हा फार आनंदाचा क्षण, पण नको ते वासही याच दोन-तीन दिवसांत तयार होतात. गरम झालेलं साधं एल यीस्ट जड अल्कोहोलं तयार करतं. ती बाटलीत कितीही मुरवली तरी जात नाहीत, नाकात झोंबतात आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरायला लावतात. इंग्लंडमध्ये गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात बादली ठेवायची जुनी सवय आहे. ती मोडावी. बादली पाण्याच्या टबात ठेवून त्यात सकाळ-संध्याकाळ बर्फाची एकेक बाटली बुडवली तरी चार-पाच अंश खाली आणता येतात, आणि सगळी धडपड पहिल्या तीन दिवसांपुरतीच करावी लागते.

म्हणून पुढची बीअर निवडताना महिना कोणता चाललाय ते आधी विचारावं. न्यू जर्सीच्या तळघरात जानेवारीत १६-१७ अंश असतात. इंग्लिश एल, पोर्टर, स्टाउट, अमेरिकन पेल एल यांना याहून चांगली जागा नाही. तेच घर जुलैत २६-२७ अंशांवर असेल आणि एसी दिवसभर लावायचा नसेल तर त्या महिन्यात क्वाइक वापरून एल करा, किंवा सेझाँ. सेझाँ ही बेल्जियमच्या वॅलोनिया भागातली शेतघरांतली बीअर. तिची यीस्ट २८-३० अंशांतही मिरपुडीसारखा, संत्र्याच्या सालीसारखा गोड-तिखट वास देतात. एक इशारा मात्र आत्ताच देऊन ठेवतो. सेझाँची बरीच यीस्ट इतरांना न पचणारी साखरही सावकाश खातात. वरचा फेस बसला म्हणून घाईने बाटल्या भरल्या तर आत वायू साठत राहतो आणि काचेची बाटली फुटते. हायड्रोमीटरचा आकडा चार दिवसांच्या अंतराने दोनदा सारखा आल्याशिवाय सेझाँ बाटलीत भरायची नाही.

पाण्याचं थोडक्यात. लंडन आणि आसपास राहणाऱ्यांनी नळाच्या पाण्यात पोर्टर करावी, तीनशे वर्षांचा अनुभव पाठीशी आहे. मँचेस्टरला लेक डिस्ट्रिक्टचं मऊ पाणी येतं, न्यूयॉर्कला कॅट्सकिल डोंगरांतलं, सॅन फ्रान्सिस्कोला हेच हेचीच्या धरणातलं. तिथे फिकट बीअर सहज उतरते आणि कडूपणाला धार हवी असेल तर चिमूटभर जिप्सम घालता येतं. बर्टन-ऑन-ट्रेंट या गावाच्या विहिरींत ते जिप्सम निसर्गतःच आहे, आणि तिथल्या पेल एलचं नाव झालं ते त्याच्यामुळे. पाणी मऊ असो वा जड, नगरपालिकेने त्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन घातलेलं असतंच. ते तसंच राहिलं तर बीअरला दवाखान्यातल्या औषधांचा वास येतो. कॅम्पडेनची अर्धी गोळी कुस्करून पाण्यात ढवळली की १९ लिटरचं काम काही मिनिटांत होतं. डबाबंद पाकातून बीअर करणाऱ्यांनीही ही गोळी चुकवू नये.

आता निवडीकडे. पहिली बीअर नुसत्या पाकाची झाली असेल तर दुसऱ्या वेळी थोडं खरं धान्य हाताळावं, असा माझा आग्रह आहे. नाचणीचं सत्त्व करताना आपल्याकडे धान्य भिजवतात, मोड आणतात, वाळवतात. जवाचं तेच केलं की माल्ट. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात तीच पुढे ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात स्टार्चची साखर करतात. एकदम पाच किलो धान्य भिजवायला मोठं पातेलं आणि अर्धा दिवस लागतो. पण पोर्टरसाठी अडीच किलो सुक्या माल्ट एक्स्ट्रॅक्टला अर्धा-पाऊण किलो भरडलेलं गडद माल्ट पुरतं. कापडी पिशवीत बांधून ६५-७० अंशांच्या पाण्यात अर्धा तास सोडायचं, पिशवी काढून निथळू द्यायची आणि मग उकळी आणायची. दाणे उकळू नयेत, सालींचा तुरटपणा उतरतो. पाण्यात पिशवी पडल्या पडल्या कॉफी आणि कोकोचा जो वास घरभर सुटतो, आणि पाणी ज्या वेगाने लालसर काळं होत जातं, ते पाहिलं की बीअरचा रंग आणि चव कुठून येते हे पुस्तकाने सांगावं लागत नाही. भाजलेल्या माल्टचा भरदारपणा बारीकसारीक दोष पोटात घेतो, हा पोर्टरचा आणखी एक गुण. नवशिक्याला थोडी सवलत देणारी बीअर हवीच.

हेफवाइझेन, म्हणजे बव्हेरियाची गव्हाची बीअर, दुसरी शिकवण देते. हिच्यात निम्म्याहून जास्त गव्हाचं माल्ट, हॉप्स अगदी कमी, आणि तरी ग्लास नाकाशी नेला की केळं आणि लवंग. दोन्ही वास यीस्टचे. केळं आणि लवंग यांतलं काहीही बादलीत पडलेलं नसतं. १७ अंशांच्या आसपास आंबवली तर लवंग पुढे येते, २१-२२ पर्यंत चढू दिली तर केळं. तापमानाने चव कशी बदलते हे एवढ्या स्पष्टपणे दुसरी कुठलीच बीअर दाखवत नाही. ती गढूळ असायलाच हवी, त्यामुळे गाळण्याची चिंता नाही. आणि ती ताजी प्यायची असते, म्हणजे थांबण्याची शिक्षाही कमी. फेस मात्र अनावर येतो. बादलीत वर चांगली वीतभर जागा ठेवा आणि झाकणाला जाड नळी लावून तिचं टोक पाण्याच्या भांड्यात सोडा, नाहीतर रात्रीतून छताला डाग पडलेले सापडतील.

हॉप्स शिकायचे तर अमेरिकन पेल एल. १९७२ साली ऑरेगनमधून कॅस्केड नावाचा हॉप बाहेर आला, आणि कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरगुती ब्रुअरांचं दुकान चालवणाऱ्या केन ग्रॉसमन यांनी १९८०च्या सुमारास सिएरा नेवाडा पेल एलमध्ये तो मुक्तहस्ते वापरला. त्या बीअरचा चकोतऱ्यासारखा वास अमेरिकेला नवा होता. घरी करताना एकच माल्ट आणि एकच हॉप घ्यावा. तोच हॉप उकळीच्या सुरुवातीला टाकला तर कडूपणा देतो, शेवटच्या पाच मिनिटांत टाकला तर वास. तीन-चार हॉप्सचं मिश्रण केलं की कुणी काय दिलं ते कळत नाही, आणि शिकायचं ते राहून जातं.

घाईत असाल तर इंग्लिश डार्क माइल्ड करा. तीन-साडेतीन टक्के मद्यांश, तीन आठवड्यांत ग्लासात, आणि जेवणाबरोबर दोन ग्लास घेतले तरी माणूस शुद्धीवर. या बीअरचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय करू नये हेही मी ठामपणे सांगणार आहे. सगळ्यांना आज हवी असते ती गढूळ, आंब्या-अननसाचा वास मारणारी न्यू इंग्लंड आयपीए. तिच्यात घातलेल्या ढीगभर हॉप्सना हवेतला प्राणवायू अजिबात सोसत नाही. बादलीतून नळीने बाटल्या भरताना जेवढी हवा मिसळते तेवढ्याने दोन-तीन आठवड्यांत सोनेरी रंग मातकट, राखाडी होतो आणि वास ओल्या पुठ्ठ्याचा. बंद पिंपात वायूच्या दाबाने बीअर सरकवायची सोय झाल्यावर तिच्याकडे वळा. पिल्सनरला थंडावा आणि दोन महिने लागतात, आणि तिच्या फिकट चवीत एकही चूक लपत नाही. इम्पीरियल स्टाउटला यीस्टची फौज लागते आणि मुरायला वर्ष. आंबट बिअर्समधले जिवाणू आणि रानटी यीस्ट प्लॅस्टिकच्या ओरखड्यांत घर करतात, त्यांची बादली आणि नळ्या कायमच्या वेगळ्या काढाव्या लागतात.

आणि हापूस. आपल्या माणसाला दुसऱ्याच बीअरमध्ये हापूसच्या रसाचा डबा, गूळ, वेलची, केशर घालायची ओढ असते. ती ओढ मला समजते आणि तिच्यासाठी पुस्तकाच्या शेवटी स्वतंत्र प्रकरण आहे. पण फळातली आणि गुळातली साखर यीस्ट जवळपास सगळी खाऊन टाकतं. गोडवा जातो, मद्यांश वाढतो, आणि आंब्याचा जो पुसट वास उरतो तो खालची बीअर स्वच्छ असेल तरच कळतो. मसाला घालायचाच असेल तर बेल्जियन विटबीअर घ्या. होखार्डन गावात बंद पडलेली ही बीअर पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने १९६६ साली पुन्हा सुरू केली. गहू, संत्र्याची साल आणि धने. इंडियन ग्रोसरीतले लांबट, फिकट हिरवे धने तिला फार छान लागतात. वापरायच्या वेळीच जाडसर कुटायचे आणि उकळीच्या शेवटी टाकायचे.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल, तेव्हा मुंबईचा उल्लेख टाळून चालणार नाही. लंडनच्या बो भागातल्या हॉजसन ब्रुअरीची बीअर ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून मुंबई, मद्रास, कोलकात्याला यायची, पुढे बर्टनच्या ब्रुअरींनी तो व्यापार काबीज केला. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही दंतकथा. भरपूर हॉप्सची, मुरवण्याजोगी फिकट बीअर इंग्लंडात आधीपासून होती, समुद्रप्रवासात ती अधिक चांगली मुरली एवढंच. त्याच जहाजांतून गोऱ्या सैनिकांसाठी पोर्टरही मोठ्या प्रमाणावर येत असे, हे मात्र कुणी सांगत नाही. साहेब पेल एल प्यायचे, शिपाई पोर्टर.

निवड काहीही करा, पण दर वेळी एकच गोष्ट बदला. पाकावरून धान्यावर गेलात तर यीस्ट तेच ठेवा. यीस्ट बदललंत तर हॉप्स तेच ठेवा. दोन बिअर्समध्ये पाच फरक असले तर चव का बदलली ते कुणालाच सांगता येत नाही. याच कारणाने मी एक सल्ला देतो जो नवशिक्यांना रुचत नाही: एखादी बीअर जमली की तीच लगेच पुन्हा करा. दुसरी पहिल्यासारखी उतरली तर हात बसला. वहीत तारीख, तापमान, हायड्रोमीटरवरचा सुरुवातीचा आणि शेवटचा ग्रॅव्हिटीचा आकडा लिहा. १.०५० वरून १.०१० वर आली तर मद्यांश सव्वापाच टक्के. हे गणित एकदा करून पाहिलं की पुढे डोक्यातच होतं.

पुस्तकात मापं लिटर, ग्रॅम आणि सेल्सिअसमध्ये दिली आहेत. कृती १९ लिटरच्या आहेत; ब्रिटनमधली किट्स २३ लिटरची असतात, तिथल्या वाचकांनी सगळं साहित्य पाचव्या हिश्श्याने वाढवावं. बाटलीत घालायची साखर १९ लिटरला ११० ते १२० ग्रॅम धरली आहे, हेफवाइझेनला थोडी जास्त. ती काट्यावर मोजून घ्या, चमच्याने नको.

प्रकरणांचा क्रम प्रकारांच्या यादीप्रमाणे लावलेला नाही. थंड घर, मध्यम घर, गरम घर असे तीन भाग आहेत आणि प्रत्येक भागात सोपीकडून अवघडाकडे जाणाऱ्या बिअर्स. एवढं वाचूनही ठरत नसेल आणि घर २० अंशांखाली असेल, तर माझा कौल पोर्टरला आहे. साहित्य मागवण्याआधी मात्र बादली जिथे ठेवणार तिथे पाण्याने भरलेलं पातेलं ठेवा आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ त्या पाण्याचं तापमान लिहून काढा. पहिलं प्रकरण तो आकडा तुमच्या हातात आहे असं धरून लिहिलं आहे.